फिका मासा

“घाई कोणाक हा?” असं म्हणत काकी उजव्या हाताचा पंजा हवेत खाली दाबायच्या. समोर दूध उतू जात असावं आणि त्याला त्या दटावत असाव्यात, तसा. जिना उतरणारा शेजारी असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो की पार्सलवाला मुलगा असो, आमच्या मजल्यावर आलेल्या प्रत्येकाला हा पंजा दिसायचा आणि त्यामागून तांब्या यायचा. “पाणी पिवन जा.” पाणी प्यायल्याशिवाय सुटका नसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्यांच्या घरात द्यायला फार काही नसतं, पण जे असतं ते दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काकींकडे पाणी होतं. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक तांब्याची घागर असायची. लग्नात माहेराहून आलेली. ती त्या चिंच लावून घासायच्या आणि नळाला आलेलं पाणी गाळून तिच्यात भरून ठेवायच्या. रात्रभर मुरलं की सकाळी ते प्यायचं, असा नियम. काका, म्हणजे त्यांचे यजमान, दुसऱ्या पाण्याला तोंड लावत नसत. घरोघरी फिल्टर आले, काकींकडे आला नाही. कोणी विषय काढला तर त्या त्याच्या हातात घागरीतलं पाणी द्यायच्या. पिणारा गप्प बसायचा, कारण पाणी खरंच गोड लागायचं.

काका तरुणपणी गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी गेली, मग त्यांनी कुठेकुठे वॉचमनची नोकरी केली आणि म्हातारपणी त्यांना फोनवर माशांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. खायच्या माशांचे नव्हेत, पाळायच्या. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि एक चित्र दाखवून म्हणाले, “ह्यो माका होयो.” बेट्टा होता. आम्ही लहानपणी ज्याला फायटर म्हणायचो तोच, पण झुलत्या शेपटीचा आणि असा गडद निळा की बघत राहावं. मी लहानपणापासून टाकीत मासे पाळत आलोय, म्हणून हे काम माझ्याकडे. कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडे मी तो माझ्या फोनवरून मागवून दिला. विक्रेता म्हणाला, सध्या फार उकाडा आहे, ऊन उतरलं की पाठवतो. ऊन उतरायच्या आधी काकाच गेले. लिव्हर. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी लिव्हर. डॉक्टर म्हणाले, फार जुनी कावीळ होती, आतल्या आत काम करत राहिली.

त्यांना मूल नव्हतं. पुतण्या गावाहून आला आणि त्याने सगळं केलं, अस्थी दादरच्या चौपाटीवर समुद्रात सोडल्या. दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे होते, कठड्यावर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. पुतण्याने हात जोडून सांगितलं, काकीला मी बघीन. कावळा हलला नाही. खोलीचं नीट करीन, म्हणाला. गावच्या घराची कौलं बदलीन, म्हणाला. जे जे सुचलं ते ते कबूल केलं. माझ्या तर तोंडावर आलं होतं की ह्या कावळ्यांना आता लेखी पाहिजे की काय. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकी भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी मासा आला.

मी मासा पार विसरलो होतो. पार्सलवाल्याचा फोन आला, मी खाली गेलो, थर्मोकोलचा डबा घेऊन वर आलो आणि काकींच्या दारात उभा राहिलो. घरात सुतक, चुलीवर बिनफोडणीचा भात, आणि मी दारात मासा घेऊन उभा. शेवटी जे होतं ते सांगून टाकलं. काकी उठून बसल्या. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तरीच! तरीच तेंचो जीव अडकललो!”

त्या क्षणापासून तो मासा मासा राहिला नाही. काकांची शेवटची इच्छा घरी आली होती आणि ती जगवायची होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण काकींच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दिसलं होतं, त्यामुळे मी माझं शहाणपण खिशात ठेवलं.

डबा उघडला तर पिशवीच्या तळाशी मासा आडवा. पाणी तपकिरी, शेपटी एका बाजूला फाटलेली, पंख मिटलेले आणि रंग कसला म्हणून नाही. चाळीतल्या कँटीनचा पाणचट चहा असतो तसा. काकींनी चष्मा लावला. बाजारात सुरमई घेताना कल्ला उचलून बघायची आयुष्यभराची सवय. त्यांनी पिशवीवरून त्याला वरून खालून पारखलं आणि निकाल दिला, “असलो मासो बाजारात कोण फुकट देत तरी मी घेवचंय नाय.” मग एकदम हळू आवाजात, “जितो आसा मां?”

जिवंत होता. लांबचा प्रवास केलेले मासे असेच येतात. दिवसच्या दिवस अंधारात, हिंदकळत, ओंजळभर पाण्यात. रंग जातो, खाणं जातं. त्यांना काही करायचं नसतं, हेच त्यांच्यासाठी करायचं असतं. अंधार द्यायचा, शांतता द्यायची आणि नवीन पाणी थोडं थोडं करून जुन्या पाण्यात मिसळायचं. एकदम नव्या पाण्यात टाकला तर धक्क्याने मरतो. हे मी काकींना समजावलं, तर पंजा खाली दाबून त्या मलाच म्हणाल्या, “घाई कोणाक हा?” ह्या कामाला त्या जन्मापासूनच तयार होत्या म्हणायचं.

फरसाणाची एक मोठी बरणी रिकामी केली. प्लास्टिकच्या बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरिन उडालेलं पाणी माझ्याकडे होतंच. पिशवी बरणीत तरंगत ठेवली, चमच्याने पाणी घालत राहिलो, आणि बऱ्याच वेळाने मासा आत सोडला. बरणीभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं. खाली मैदानाच्या कडेला बदामाचं झाड आहे, त्याची वाळून पडलेली पानं मी उचलून आणली. ह्या माशाला ती लागतात, पाणी निवळ राहतं आणि जखमा भरतात. काकी म्हणाल्या, “केर कित्या घालतंस तेच्या घरात?” मी सांगितलं, औषध आहे. मग त्याच पानाला त्यांनी नमस्कार केला.

बरणी काठोकाठ भरू नका, हेही सांगावं लागलं, कारण हा मासा वर येऊन हवा घेतो. ह्यावर त्या खूप वेळ विचार करत होत्या. “पाण्यात ऱ्हवान श्वास घेवक वर येता? मगे मासो कसलो ह्यो?” आणि स्वतःच हसल्या. काका गेल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा.

तेरावं झालं, पुतण्या गावी गेला, सुतक संपलं. चाळीत सगळ्यांना वाटलं आता काकींच्या दारातून पुन्हा बांगड्याच्या तिखल्याचा वास येणार. आला नाही. मी विचारलं तर बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तेच्या डोळ्यादेखत तेचो भाऊ तळू काय?” मालवणी बाई, जिच्या हातचं खायला अख्खा मजला टपलेला असायचा, ती डाळभातावर आली. मासा मात्र काहीच खात नव्हता. दाणा वर टाकला की तो बघायचा आणि तोंड फिरवायचा. काकीही मग ताट तसंच सारायच्या. मी चिडलो. म्हटलं, काकी, एकाचंच बघायला मला वेळ आहे, दोघांनी उपोषणं धरू नका.

मग एका सकाळी त्यांनी भिंत ठोकून मला बोलावलं. मी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावलो. मासा वर आला होता. दाणा तरंगत होता. त्याने तो तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. काकींनी माझा हात इतका घट्ट धरला की मला दुखलं. “खाल्ल्यान,” त्या म्हणाल्या. “खाल्ल्यानी रे तेंनी.”

तेंनी म्हणाल्या, काकांना म्हणायच्या तसं. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

रंग अजून आला नव्हता. शेपटी तशीच फाटकी होती. पण तो फिरू लागला होता, आणि काकी त्याच्याशी बोलू लागल्या होत्या. नळ गेला, कांदे महागले, वरच्या मजल्यावरची सून माहेरी गेली, सगळं त्याला कळत होतं. माझ्या मते तो बरा होणार होता. मी काकींना तसं सांगितलं आणि बहिणीकडे बदलापूरला गेलो.

परत आलो त्या दिवशी काकी दारातच उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, केस धुतलेले. म्हणाल्या, आज काकांना महिना झाला, पान वाढलं, दिवा लावला. “आणि तेका आज घागरीतला पाणी दिलंय. इतके दीस तुझ्या बालदीतला पिता हा बिचारो. ह्यांचा पाणी. पोटभर पिवंदे.”

मी त्यांना बाजूला सारूनच आत गेलो. घागर कोपऱ्यात चमकत होती. त्या दिवसासाठी म्हणून त्यांनी ती चिंच लावून मुद्दाम लख्ख केली होती, आणि पाणी एका रात्रीऐवजी जास्त मुरू दिलं होतं, चांगलं व्हावं म्हणून. बरणीतलं सगळं पाणी बदललं होतं. मासा कुशीवर पडून तोंड उघडत होता, मिटत होता. अंगावर पांढुरकी साय आली होती. तांब्याच्या भांड्यात मुरलेल्या पाण्यात तांबं उतरतं. माणसाला ते चालतं. माशाला ते विष.

मी त्याला बादलीच्या पाण्यात घेतलं. काकी मागून विचारत होत्या, काय झाला, काय झाला. सांगणं भाग होतं. नसतं सांगितलं तर उद्या पुन्हा तेच पाणी पडलं असतं. मी म्हटलं, “काकी, घागरीतलं पाणी त्याला चालत नाही. तांबं बाधतं माशांना.”

“माझ्या पाण्यान?”

“तुम्हाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं.”

त्या खाली बसल्या. घागरीकडे बघत राहिल्या. मी मासा घेऊन माझ्या खोलीत निघालो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. इतका साधा की आधी मला त्यातलं काही कळलंच नाही.

“ह्यांनी जल्मभर ताच पाणी प्याल्यानी.”

मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “लिव्हर खराब झाला म्हणाले. दारू नाय, काय नाय, मगे कशान झाला, माका तेव्हाच कळत नव्हता.”

मी बोललो. काय काय बोललो. माणसाचं वेगळं, माशाचं वेगळं. कावीळ जुनी होती, डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते. तुम्हीही तेच पाणी प्यायलात, तुम्हाला काय झालं? आम्ही सगळे प्यायलो. मी लहानपणापासून पितोय, मी उभा आहे ना? त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. “होय. होय रे.” आपण बोलतोय आणि समोरचा आपल्याला बरं वाटावं म्हणून ऐकतोय, हे कळतं. मला कळत होतं, तरी मी बोलत होतो. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी घागर उपडी घातलेली होती. तिचं बूड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर काकींनी कोणाला पाणी दिलं नाही. पार्सलवाली मुलं सवयीने दारात थांबायची, आत बघायची आणि निघून जायची. एकाने मागितलं, तर त्या म्हणाल्या, “शेजारी माग.” कोणाच्या घरी बारशाला गेल्या तरी हात जवळ घेऊन बसायच्या, लहान पोराच्या गालालाही लावायच्या नाहीत. स्वतःसाठी भात शिजवायच्या, तोही कसाबसा. मी त्यांना आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी अगदी प्रेमाने समजावलं की ह्याचा त्याचा काही संबंध नाही. काकी बाहेर येऊन म्हणाल्या, “बाई खूप चांगली आसा.” बस, तेवढंच. आमच्यापैकी कोणाकडेच असं एकही वाक्य नव्हतं जे त्यांच्यापर्यंत पोहोचेल. खरं होतं, पुरावा होता, आणि त्याचा उपयोग शून्य.

मासा माझ्याकडे होता. तो जगेल असं मला वाटत नव्हतं, आणि खरं सांगतो, मेला तर काकींना काय सांगायचं ह्या भीतीनेच मी त्याच्यापाशी बसायचो. अंधार, बदामाचं पान, थोडं थोडं पाणी बदलणं. पहिल्यापासून सगळं पुन्हा. काकी त्याचं नाव काढत नव्हत्या. भिंतीपलीकडून त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी विचारलं, बघायला येता का? तर म्हणाल्या, “माझी नजर नको तेका.”

पण तो सुधारला. आधी साय गेली. मग खायला लागला. मग शेपटीच्या फाटलेल्या कडेला पारदर्शक काचेसारखी नवी किनार फुटली आणि भरत भरत अखंड झाली. आणि रंग आला. डोक्याकडून सुरू होऊन एकेक खवला निळा होत गेला. एका सकाळी मी वर्तमानपत्र काढलं तर बरणीत तो चित्रातला मासा होता. काकांनी निवडलेला, गडद, झुलणारा. पाण्यावर त्याने बुडबुड्यांचं घरटंही केलं होतं. ह्या जातीचा मासा रमला की असं घरटं करतो.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बरणी छातीशी धरून मी तसाच शेजारी गेलो. “काकी, बघा! बघा कोण आलंय!”

काकींनी चष्मा लावला. बरणी टेबलावर ठेवायला लावली आणि वाकून बघितलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. मासा त्यांच्यासमोर येऊन पंख पसरून उभा राहिला. त्यांचा चेहरा मऊ झाला आणि मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

“चांगलो आसा,” त्या म्हणाल्या. “रंग बरो आसा. खयसून आणलंस?”

“आणला कुठून? काकी, हा तोच. आपला.”

त्या हसल्या. लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तसं. “माझ्याची शेपटी फाटलली. रंग नव्हतो तेका.”

“शेपटी वाढते पुन्हा. रंग परत येतो. हाच रंग काकांनी निवडला होता. हे बघा, फोनमध्ये चित्र आहे.”

“म्हणानच तू असोच शोधून आणलंस.” त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. “तुझा मन चांगला आसा, झिला. पण म्हाताऱ्या माणसाक असा फसवू नये.”

मी रोज काढलेले फोटो दाखवले. फिका मासा, थोडा निळा मासा, निळा मासा. त्या म्हणाल्या, फोनात आता काय पण करतत. मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, खोटी शपथ घेऊ नये म्हणून. तो बरा झाला नसता, नुसता जगला असता, फाटका आणि फिका, तर त्यांनी त्याला ओळखलं असतं. तो पूर्ण बरा झाला, म्हणून त्यांच्यासाठी मेला. मी बरणी उचलली. “सांभाळून न्ही,” त्या म्हणाल्या. “पाणी सांडात.”

नंतर पुतण्या त्यांना गावी न्यायला आला. खोलीला कुलूप लागणार होतं. सामान फार नव्हतंच. खाली टॅक्सी उभी होती, पुतण्या पिशव्या ठेवत होता, आणि काकी जिन्याच्या तोंडाशी माझ्यापाशी थांबल्या. कठड्याला धरून, खाली बघत म्हणाल्या, “एक इचारू? खरा सांगशीत?”

“विचारा ना.”

“तो गेलो, तेव्हा तेचा काय केलंस? केराच्या डब्यात नाय ना टाकलंस?”

माझ्या पाठीमागे, उघड्या दारातून दिसेल अशी, खिडकीशी ती बरणी होती. मी म्हणणार होतो, तो तिथे आहे, या, एकदा बघा. पण त्यांचे डोळे बघितले आणि माझ्याच्याने ते म्हणवलं नाही. इतके दिवस मी त्यांना खरं सांगत आलो होतो, आणि त्या खऱ्याने त्यांना काय दिलं होतं?

“नाही काकी. समुद्रात सोडला. दादरच्या चौपाटीवर.”

“ह्यांका सोडलला थयच?”

“हो. तिथेच.”

काका गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दहाव्याला नाही, घागर उपडी घातली तेव्हा नाही. आता त्या कठड्यावर डोकं टेकून रडल्या, मोकळ्या आवाजात, आणि मजल्यावरची दारं उघडली. “बरा केलंस,” त्या म्हणत होत्या. “खूप बरा केलंस रे झिला.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. मग पुतण्या वर आला आणि त्यांना जिना उतरवून घेऊन गेला.

टॅक्सी वळेपर्यंत मी गॅलरीत उभा होतो. आत आलो. खिडकीशी गेलो तसा मासा काचेपाशी आला आणि तोंड उघडून थांबला. मी त्याला दाणे घातले.